दिवाणखान्याच्या एकोणीस फळ्या

जुनी लाकडी जमीन वाचवायला पिढ्यानपिढ्यांचं ज्ञान लागतं, अपार संयम लागतो आणि लाकडावर निष्ठा असावी लागते. मुकादम, कशावरून आणि चिंगी या तिघांकडे यातलं काहीही नव्हतं. त्यांच्याकडे सुट्टी होती, आणि दुपारी तीनपर्यंतचा वेळ.

तीन वाजता सुतारमामा येणार होते. पहार घेऊन!

"मोजून पाच तास," मुकादम म्हणाली. ती तेरा वर्षांची होती आणि बोलायला लागल्यापासून हुकूमच सोडत होती. "पाच तासांत शोधायचं, दिवाणखान्याची जमीन कुजली कशी."

"पण कुजलीय कशावरून?" तिच्या धाकट्या भावाने विचारलं. त्याला 'कशावरून' हे नाव का पडलं, ते वेगळं सांगायला नको.

"बाबा म्हणाले," चिंगीने सांगितलं. घर तिचं होतं. ही दोघं तिची चुलत भावंडं. "नव्वद वर्षांचं लाकूड, वय झालं म्हणे. आता फरशी!"

व्हरांड्यात फरशीची बावीस खोकी रचलेली होती. चिंगीचे बाबा, म्हणजे या दोघांचे काका, कचेरीत मोठे साहेब होते. त्यांनी सही केली की विषय संपायचा. फरशीच्या कागदावर सही झाली होती.

एवढ्यात आत्या धुतलेल्या कपड्यांची चळत घेऊन आत आली. गेली चार वर्षं तिला उजेड आणि सावली, एवढंच दिसत होतं. एक फळी 'कीं' करून कुरकुरली, आत्या तिरकी डावीकडे वळली, थोडं चालली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत अलगद बसली. कशालाही हात न लावता!

"आत्या, तुला कसं गं कळतं?"

"पाय सांगतात. दारापासून सहावी फळी कुरकुरली की वळायचं. अकराव्या फळीत गाठ आहे, ती अंगठ्याला लागली की खुर्ची आली."

"आणि फरशी बसली की?"

"भिंत धरून चालेन. स्वयंपाकघरात चालते तशी." आत्या हसली. "होते गं सवय."

स्वयंपाकघरात गेल्याच वर्षी फरशी बसली होती. तेव्हापासून तिथल्या भिंतीवर कंबरेच्या उंचीला एक लांबलचक काळपट पट्टा उमटत होता. काकांनी त्यावर दोनदा रंग मारून घेतला होता. पट्टा कशाचा, हे विचारलं नव्हतं.

"मग काकांना सांग ना!" मुकादम उसळली.

"नको. वाईट वाटेल त्याला. लहान आहे तो."

काका एक्कावन्न वर्षांचे होते.

आत्या उठून गेली आणि तिघं कामाला लागली.

"शेजारच्या खोलीतलं लाकूडही नव्वद वर्षांचंच ना?" कशावरून म्हणाला. "मग ते ठणठणीत कसं?"

"बघ जाऊन!" मुकादम म्हणाली.

कशावरून शेजारच्या खोलीत जमिनीला गाल लावून पालथा पडला. "ए, फटीतून वारा येतोय!" चिंगीने लोकरीचा धागा आणला. फटीवर धरला तर तो थुईथुई नाचायला लागला. दिवाणखान्यातल्या फटीवर मात्र मेल्यासारखा लोंबला. वर ओल्या पोत्यासारखा वास!

"बाहेर चला!" मुकादमने हुकूम सोडला.

बाहेर, शेजारच्या खोलीच्या भिंतीत, अगदी पायाशी दोन लोखंडी जाळ्या होत्या. दिवाणखान्याच्या भिंतीत एकही नाही. चिंगी झुडपामागे सरपटत गेली आणि ओरडली, "इथे जाळीएवढे सिमेंटचे चौकोन आहेत! आणि... सही आहे!"

ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने कोरलेली तीन वर्षांपूर्वीची तारीख. खाली झोकदार सही आणि सहीखाली दोन टिंबं. चिंगीच्या प्रगतिपुस्तकावर असायची तीच.

"बाबांची आहे," चिंगी हळूच म्हणाली. "आपण सांगितलं तर म्हणतील, तुम्हाला काय कळतं?"

"मग आपण सांगायचंच नाही," मुकादम म्हणाली. "काकाच सांगतील."

तीनला सुतारमामा आले, देखरेखीला काकाही खुर्ची टाकून बसले. त्यांनी पहिल्या फळीखाली पहार सरकवली, तोच मुकादम धावत आली. "काका! बाहेरच्या भिंतीवर कोणीतरी तुमची खोटी सही केलीय!"

काका ताडकन उठले. मागोमाग सगळे.

"खोटी? अगं, माझीच आहे ही! इथे भोकं होती. मी स्वतः बुजवली. मामा, कडा बघा! गवंड्याला जमेल?"

"एकट्याने केलंत?" मुकादमने डोळे मोठे केले.

"एकट्याने!"

"कोणाला न विचारता?"

"कोणालाही न विचारता!"

सुतारमामा उकिडवे बसले. चौकोनावरून त्यांनी हात फिरवला. "साहेब, भोकं नव्हती ही. जमिनीखाली हवा खेळायला ठेवलेले झरोके. तुम्ही लाकडाचा श्वास कोंडलात."

"मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मला उखडायला बोलावलं होतं. बघायला नाही."

पण आता ते आत जाऊन बघायला लागले. स्क्रू ड्रायव्हरने त्यांनी एकेक फळी टोचली. एकोणीसपैकी सोळा दगडासारख्या! बाहेरच्या भिंतीलगतच्या तीन तेवढ्या मऊ.

काका मऊ फळीजवळ खाली बसले. मग म्हणाले, "त्या भोकांतून उंदीर यायचे. ताईच्या पायात आला तर तिला दिसणार नाही, म्हणून बुजवली रे."

चिंगीने त्यांचा हात धरला आणि त्यांना स्वयंपाकघरात नेलं. "बाबा, हा पट्टा आत्याच्या हाताचा आहे. फरशीवर तिला वाट कळत नाही."

आत्या दारातच उभी होती.

"ताई, बोलली का नाहीस?"

"तू इतक्या हौसेने खोकी मोजत होतास."

पुढे आठ दिवस घरभर भुसा उडाला! झरोके मोकळे झाले, त्यांना उंदीर शिरणार नाही अशी बारीक जाळी बसली. फरशीची खोकी दुकानात परत गेली. तीन नव्या फळ्या आल्या. जुन्या सोळा तिघांनी घासल्या, पॉलिशपेपरने, कोपरं दुखेपर्यंत. मध्येच सुतारमामा स्क्रू घेऊन सहाव्या फळीकडे वळले. "ही कुरकुरते, हिला आवळतो."

"खबरदार!" काका फळीवर जाऊन उभेच राहिले. "हिला कोणी हात लावायचा नाही!"

शेवटच्या दिवशी आत्या अनवाणी चालली. सहावी कुरकुरली. अकरावीची गाठ लागली. सतराव्या, नव्या फळीवर ती थबकली.

"ही काहीच बोलत नाही."

"लाजतेय," चिंगी म्हणाली.

"होईल ओळख." आत्याने तिघांना जवळ घेतलं. "माझी वाट राखलीत रे पोरांनो."

काका म्हणाले, "या मुलांना जे दिसलं, ते मला माझ्याच घरात दिसलं नाही. तिघांचा मला अभिमान आहे!"

"कशावरून?" एकाने विचारलं, आणि काकांनी त्याला उचलून गरगर फिरवलं.

मग सगळे बाहेर आले आणि सुतारमामांनी फळ्यांना जवसाचं तेल लावलं. ते वाळायला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस दिवाणखान्यात कोणालाही पाऊल टाकता आलं नाही.