चौथा स्क्रू

शाळेच्या पहिल्याच दिवशी मी नव्या डिजिटल फळ्यावर ऐटीत खडूने तारीख लिहिली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अवो मॅडम... त्याच्यावर खडू नाई चालत!"

वळून पाहते तर दारात तो. खांद्याला अवजारांची पिशवी, मूल गावापासून मोटरसायकलवर आल्यामुळे भुवयांपर्यंत धूळ. डोळे मात्र इतके हसरे, की माझ्या हातातला खडूच पडला. मुख्याध्यापकांनी सांगितलेला, फळे बसवणारा धनराज तो हाच.

"आधी सांगायचं ना, धनराजभाऊ!"

"सांगतो. पन भाऊ नका म्हनू," तो फळा पुसत म्हणाला. "जिल्ह्यातल्या साऱ्या मॅडम तेच म्हनतात. तुमी तरी सोडा."

आगाऊ कुठला! मग मी मुद्दाम भाऊच म्हणायची.

पुढे फळ्याच्या वर बसवलेला प्रोजेक्टर सारखा हलायला लागला. पोरांनी पेनाने इथे 'क' काढला, की तो हातभर पलीकडे उमटायचा. मी फोन करायची, तो मूलहून पोंभुर्ण्याच्या जंगलातून धावत यायचा. जुळवणीसाठी फळ्यावर उमटणाऱ्या नऊ फुल्यांना एकेक करून पेन टेकवला, की अक्षर जागेवर. खरं सांगू? हे मला दुसऱ्याच खेपेला जमलं होतं. तरी फोन करायची. एकदोनदा तर झाडूच्या दांड्याने प्रोजेक्टर मीच सरकवला. चौथीच्या बाईंना शोभतं का हे? नाहीच शोभत.

या शनिवारी तो न बोलावताच आला.

"मॅडम, सोमवारपासून मले पार दूर सिरोंच्याले टाकलं. इथी दुसरा येईल."

"बरं..." म्हणत मी स्टूल पुढे ओढलं.

तो स्टुलावर चढला आणि खिशातून एक स्क्रू काढून माझ्यापुढे धरला. "प्रोजेक्टरचा हा चौथा स्क्रू. पहिल्या दिवसापासून खिशातच हाय. बसवलाच नाई... तुमी फोन कराल म्हनून."

"अस्सं! आणि मी इथे उगाच झाडू घेऊन—" मी जीभ चावली. पण व्हायचं ते झालं होतं.

"म्हंजे... तुमीपन?"

कान तापले माझे. पण आज गप्प बसले असते, तर सिरोंच्यापर्यंत कोण हाक मारणार होतं? "हो, मीपण. मले आवडता तुमी. माझे बाबा मूलच्या राईस मिलमध्ये आहेत, रविवारी घरी असतात. उद्या येऊन विचारा त्यांना."

"येतो! सकाळीच येतो!" स्टूल डगमगलं, मी दोन्ही हातांनी धरलं. "आन् हा स्क्रू?"

"बसवा आता," मी म्हणाले. "पक्का बसवा... धनराज."