ओटीतले शिंपले

किनाऱ्यावर शिंपले वेचताना छकुलीनं ओढणी कमरेला कधी खोचली, तिचं तिलाच कळलं नाही. ओढणीची ओटी करून ती दोन्ही हातांनी भराभर वेचत होती. तोच मागून आवाज आला, "बुलढाण्याकडच्या काय तुम्ही?"

"काऊन?" ती म्हणाली, आणि तिनं जीभ चावली. पुण्याच्या मैत्रिणींसमोर 'का'साठीचा हा गावाकडचा शब्द तिनं कधी ओठांबाहेर येऊ दिला नव्हता.

"कपाशी वेचल्यासारखं वेचून राह्यल्या ना..." तो हसला. ते हसू तिला फार आवडलं.

तो बुलढाण्याकडचाच, दुसरबीडचा गजेंद्र. मित्रांसोबत पिकअप घेऊन समुद्र बघायला निघालेला. कापसाच्या गाडीवरची ताडपत्री हाच त्यांचा तंबू. छकुलीच्या मैत्रिणींचा भाड्याचा झोकदार तंबू मात्र त्याच संध्याकाळी वाऱ्यानं आडवा केला. गजेंद्रनं पोत्यांत वाळू भरून त्याचे दोर बांधून दिले.

मग पिकअप आणि मैत्रिणींची गाडी किनाऱ्या-किनाऱ्यानं बरोबरच निघाल्या. खाडी आली की बोटीवर शेजारी, मुक्कामाला शेजारी. मैत्रिणी खाणाखुणा करायच्या, छकुली उगाच रागवायची. गेल्या साली बीटी बियाणं लावूनही गुलाबी अळीनं बोंडं पोखरली, हे त्यानं चहा फुंकत सांगितलं. यंदा कपाशीत तूर घेतली, हेही. शेतकऱ्याला आता कोणी मुलगी देत नाही, म्हणून आपण विचारणंच सोडलं, असंही तो हसत म्हणाला. छकुलीला मात्र हसू आलं नाही. 'शेतकरी नवरा नको' ही अट तिनंच बाबांना घातली होती, आणि रविवारी एक नोकरीवाला मुलगा तिला बघायला मोताळ्याला, तिच्या घरी येणार होता.

शेवटचा मुक्काम समुद्रात शिरलेल्या भूशिरावर होता. तिन्ही बाजूंनी पाणी, आणि वारा असा की ओरडूनच बोलावं लागे. गजेंद्र निघायच्या तयारीत दोर गुंडाळत होता. तिच्याकडे बघत नव्हता. तेवढ्यात बाबांचा फोन आला — रविवारी येतेस ना?

"बाबा," छकुली ओरडून म्हणाली, "त्या पोराले नाही म्हणा. अन् शेतकरी नको म्हटलं होतं मी... ते राहू द्या आता. शेतकरी चालते मले."

गजेंद्रचे हात थांबले.

कोणता शेतकरी, बाबांनी विचारलं.

"दुसरबीडचा हाय एक," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, तरी नजर त्याच्यावरच होती. "पण त्यानं अजून इचारलंच नाही."

दोर तसाच टाकून तो जवळ आला. "इचारून राह्यलो ना," तो हळूच म्हणाला.