चाल नंतर लाव

"गुडघाभर पाण्यात नागली लावते म्हणे साजणी! अरे, कुजेल की ती!"

रविना एकटीच स्पीकरशी भांडत होती. जव्हारच्या एसटी डेपोसमोर तिचं मोबाइलचं टीचभर दुकान. दिवाळी सरली की पाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवर जायला निघतात, आणि निघण्याआधी तिच्याकडे मेमरी कार्ड घेऊन येतात. पावसाळ्यापर्यंत पुरतील एवढी गाणी भरायला. भट्टीवर दुसरं असतं काय? म्हणून कार्डात जाणारं प्रत्येक गाणं ती आधी स्वतः ऐकायची. भिकार निघालं तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. गिऱ्हाईक तरीही तिच्याकडेच यायचं.

"कुजेल का खरंच?"

तिनं मान वर केली. काउंटरपलीकडे एक सडपातळ पोरगा, हातात चार्जरची तुटकी वायर, आणि डोळ्यांत दाबून धरलेलं हसू.

"मग काय! नागली म्हणजे नाचणी, ती उतारावर लावतात. पाणी साचलं की संपली. भात आणि नागली ज्याला वेगळी ओळखता येत नाही, तो डोंगराची गाणी लिहितोय. वर अल्बमला इंडी फोक म्हणायचं!"

"पण चाल?"

रविना अडली. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही. "चाल... चाल चांगली आहे. पावा तर असा वाजवलाय, की –" तिचा हात नकळत गळ्याशी गेला. तिनं तो झटकन खाली घेतला. "पण शब्द भाड्यानं आणलेत."

"शब्द ऐकतं कोण? लोकांना चाल लागते."

"एक दिवस इथं उभे राहा. लोक गाणं शब्दांनीच मागतात. 'सासू रुसते ते दे.' 'दादला पळतो ते दे.' चाल मागायला अजून कुणी आलं नाही."

तेवढ्यात गोजाबाई पायऱ्या चढून आली. दरसाल भट्टीवर जाणारी म्हातारी, तोंडानं फटकळ. "गे बाय, भरलास का माझा कार्ड? आन् त्यो पावा रडतो ना, ज्यात कोण बोलत नाय, त्यो दोनदा घाल."

पोरगा इतका हसला की त्याला काउंटरला धरावं लागलं.

"हसायला काय झालं?" रविना तापली. "आणि नाव काय तुमचं?"

"हेमराज."

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. गायक, गीतकार, संगीतकार – हेमराज. अल्बमवर फोटो नव्हता, नुसतं डोंगराचं चित्र होतं. रविनाचे कान गरम झाले. पण हटेल ती रविना कसली?

"नागलीचं मी मागे घेणार नाही."

"घेऊ नका. रोज एक गाणं फाडा. सातच आहेत."

"ते बिनशब्दांचं फाडता येणार नाही."

"मग ते शेवटी ठेवू," तो म्हणाला, आणि वायर विसरून गेला.

दुसऱ्या दिवशी वायर न्यायला आला. तिसऱ्या दिवशी काहीच न्यायचं नव्हतं, तरी आला. येताना चहा आणायचा, काचेच्या काउंटरवर बोटांनी ताल धरायचा, आणि रविना त्याच्या गाण्यांची पिसं काढायची.

"यात चांदणं सांडलंय. यात पण सांडलंय. तुझ्या डोंगरावर चांदणं कुणी सरळ ठेवत नाही का रे?"

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"मुंबईवाल्यांना आवडलं ते," तो ओशाळून म्हणायचा.

आवडणारच. आदिवासी म्हटला की शहराला नदी लागते, मोर लागतो, हरीण लागतं. वीट कुणाला नको असते. घर मात्र प्रत्येकाला विटेचंच पाहिजे!

रविना असं फाडत होती खरी, पण दुकानात कुणी नसलं की ती गुपचूप ते बिनशब्दांचं गाणं लावायची. पावा घुमायला लागला की हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहायचा. मग स्वतःचाच राग यायचा. बाई गं, तू त्या गाण्याला भुललीस की त्या माणसाला?

रविवारी दोघं गावाजवळच्या शिरपामाळच्या पठारावर गेली. वारा नुसता उधळला होता. पर्यटकांचे घोळके सेल्फी काढत होते. रविनाची ओढणी सारखी हेमराजच्या खांद्यावर जात होती, आणि ती ओढून घ्यायची घाई दोघांपैकी कुणालाच नव्हती.

"रविना... एक सांगू?"

"सांग की." तिला ठाऊक होतं काय येणार ते. सकाळपासून ती त्याचीच वाट पाहत होती.

तो दरीकडे पाहत गुणगुणल्यासारखं म्हणाला, "तुझे डोळे ना... रानातल्या भिरभिरत्या हरणीसारखे..."

रविनाची कळी खुलता खुलता मिटली.

"हे तिसरं गाणं आहे."

"हो, पण –"

"मुंबईवाल्यांना दिलेली हरणी मला देतोस? कधी पाहिलीस तू हरणी? खरं सांग!"

हेमराजनं पायानं एक खडा दरीत ढकलला. मग म्हणाला, "नाही पाहिली."

"मग काय पाहिलंस?"

"विटा." तो म्हणाला. "गावी, पोशेऱ्यात, आमचं नुसतं झोपडं. शेत नाही. आईबापाबरोबर भट्टीवरच वाढलो. पावसात बाप भिवंडीला गोदामात. शेत असतं तर नागली कुठं लावतात ते कळलं असतं."

"मग ते का नाही लिहिलंस?"

"त्याचं गाणं होतं का? लाज वाटते गं."

तिला त्याचा हात धरावासा वाटला. धरला नाही. तिला स्वतःचीच भीती वाटत होती.

"तुझा गळा असा आहे हेमराज, की खोटंसुद्धा गोड लागतं. तू आवडतेस म्हणशील, आणि मी भुलेन. पण ज्याच्या गाण्यातलं एक अक्षर त्याचं स्वतःचं नाही, त्याचं तेवढंच वाक्य खरं कसं धरू?"

परतताना वारा तसाच होता, पण ओढणी तिनं कमरेला घट्ट खोचली होती.

मग तो यायचा थांबला. रविना कार्डं भरत राहिली. मागवलेला चहा गार होत राहिला. पायरीवर पाऊल वाजलं की ती मान वर करायची, आणि गिऱ्हाइकावर उगाच खेकसायची.

गोजाबाईचा भट्टीवर जाणारा टेम्पो निघायचा होता त्या दिवशी दुकानात ही गर्दी! गर्दीच्या मागे, रांगेत, हेमराज उभा. दाढी वाढलेली. रविनानं त्याला पाहिलं आणि एकाचं कार्ड दुसऱ्याच्या हातात दिलं.

त्याचा नंबर आला.

"काय पाहिजे?" तिनं कोरडेपणानं विचारलं.

"एक गाणं ऐकवायचंय."

"लाव मग."

"फोनमध्ये नाही. तोंडी आहे."

आणि तो बोलायला लागला. गायला नाही, बोलायला! सपाट, अडखळत, शाळेत मास्तरांनी उभं केल्यासारखा...

"आईच्या डोक्यावर विटा होत्या,
मी तिच्या सावलीत चालायचो.
सावली हलली की मी हलायचो.
कुणी गाव विचारलं तर पोशेरा सांगायचो,
भट्टीचं नाव गिळायचो.
तू मला खरं विचारलंस,
तेव्हा पहिल्यांदा घशातली माती सुटली.
तू मला आवडतेस.
कशासारखी, ते मला सुचत नाही."

'आवडतेस' म्हणताना त्याचा आवाज फाटला होता. इतका गोड गळा, आणि पार फाटलेला.

रांगेतल्या गोजाबाईनं पदरानं नाक पुसलं. "सावलीचा खरा हाय रं. माझी पोरं पन तशीच चालायची." मग लगेच कपाळाला आठ्या. "पर याला पावा लाव बाबा. असं कोरडं कोन ऐकल?"

सगळे हसले. हेमराज हसला नाही. तो रविनाकडे पाहत होता.

"चाल आहे," तो हळूच म्हणाला. "मुद्दाम लावली नाही. लावली असती तर तू चालीला हो म्हणाली असतीस."

रविनाचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. बघू दे रांगेला, बघू दे जव्हारला! तिनं काउंटरवरचा त्याचा हात धरला. गार पडला होता बिचारा.

"आता लाव."

"म्हणजे... हो?"

"म्हणजे लाव म्हणते ना! आणि ऐक – 'आवडतेस'वर आवाज चढवायचा नाही. तिथं असाच फाटू दे."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. गोजाबाईनं दारातून त्याला हात केला.

"थांब रं मेल्या! गाना भरायचा हाय अजून."