बसव्वाचा दहावा

मी दोनाचे चार करून सांगतो, असं होटगीत म्हणतात. म्हणोत. ही गोष्ट मात्र मी चाराचे दोनच करून सांगतोय. कंदील जरा मोठा करा.

साल त्र्याहत्तर असावं. लोकर पोचवायला माझी बैलगाडी माळापलीकडं निघाली होती. बिरप्पा धनगर आडवा आला. "तात्या, येताना महारोग्यांच्या वस्तीवरनं आमची बसव्वा आणशील का? डाक्टर म्हंतोय, त्यो रोग नव्हं, गजकर्ण हाय."

आठ वर्षांची पोर. पाठीवर चट्टा दिसला, म्हणून ह्यानेच तिला तिथं सोडलं. थोरलीचं लग्न अडेल म्हणून वर अमावास्येला जित्या पोरीचा दहावा घातला. कावळा लगेच शिवला, तेव्हा हा खूशही झाला होता.

वस्तीच्या फाटकाशी हाताला फडकी गुंडाळलेली दगडाबाई उभी होती.

"न्हेतोस व्हय? ने बाबा. पर अमावसंला पोर गार पडली हुती. आमी खड्डाबी खणला..."

"मग?"

"मग उठून बसली की. भूक लागली म्हनाली... पर खाईना."

मी हसलो. थापा मारणाऱ्याला दुसऱ्याच्या थापेचं कसलं भय!

पोर गाडीत मागं बसली. ओल्या राखेसारखा वास येऊ लागला. बैल पुन्हा पुन्हा माना वळवून बघत होते. मी गुळाचा खडा दिला. तिने तो मुठीत धरला आणि आभाळाकडं पाहत राहिली.

"खा की गं."

"आजून न्हाय..."

बिरप्पाच्या घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. तिची आई मायाक्का धावत आली, पोरीला कवटाळून रडली आणि मग एकदम मागं सरली. "लई गार लागतीया गं..." म्हणत तिने दूध-भाकरी आणली. बसव्वाने ताटली अंगणात ठेवली आणि हात बांधून बसली.

सारे कावळे केव्हाच झाडांवर गेले होते. तरी एक खाली उतरला. भाकरीला चोच लावली. तेव्हा कुठं पोरीने पहिला घास घेतला.

"तात्या..." मायाक्का माझ्या कानाशी कुजबुजली, "ही माझीच हाय न्हवं?"

मी, मी हो, बैलांचं जू सोडायला वळलो.

बसव्वाने भाकरीचा एक तुकडा मोडला आणि नीट वेगळा ठेवला.

"त्यो कुनाचा गं?" बिरप्पाने विचारलं.

"आबा, तुमचा."

कावळा अजून उडाला नव्हता.