चावीचे तीन ठोके

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. बंद कारखान्यामागचा रस्ता, दिवे गेलेले. माझ्या ओळखीचा एक चावीवाला, म्हणजे वस्त्यांचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा, सायकलवरून निघाला होता. काम किरकोळ. कामगार वस्तीचा व्हॉल्व्ह कायमचा बंद करायचा.

पोरांनो, कारखान्याला हात हवे होते तेव्हा सरकारनंच ही वस्ती वसवली, नळ दिला. कारखाना बुडाला. पुढं हमरस्ता आला, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि तीच माणसं रातोरात अतिक्रमण ठरली! त्या दुपारीच बुलडोझर फिरला होता.

चावीवाल्याची आत्या तिथं राहायची. आईमागं तिनंच त्याला वाढवलेला. काम सांगणाऱ्या पाणीखात्याच्या साहेबाला त्यानं विचारलं होतं, "साहेब, आमची आत्या?"

"सगळे गेले गाड्यांतून, नव्या वसाहतीत. वस्ती रिकामी आहे. आणि आज ते ठोकणं-बिकणं नको हं. भुतांना उठवतोस की काय?"

साहेब हसला. हाही हसला. नोकरी कायम व्हायची होती ना!

पाणी बंद करण्याआधी पाइपवर चावीनं तीन ठोके द्यायची त्याची रीत होती. ते ऐकून बाया उरलीसुरली भांडी भरून घ्यायच्या. आत्या हटकून ओरडायची, "थांब रे मेल्या, माझा हंडा राहिलाय!"

त्या रात्री त्यानं ठोके दिले नाहीत. चावी फिरवली. पाइपातली सळसळ थांबली.

आणि मग...

ठक. ठक. ठक.

पाइपातून. वस्तीकडून.

"आत्या?"

...

तो धावला. नुसते विटांचे ढीग. आत्याची खोली कुठली, तेही कळेना. अंदाजानं त्यानं विटा उपसल्या. नखं फुटली. खाली कुणी नव्हतं.

मागं वळला.

नळ. बुलडोझरनं पार चेपलेला. तोटी कोरडी.

खाली आत्याचा पोचे पडलेला हंडा.

काठोकाठ भरलेला.

पाणी अजून हलत होतं...

सकाळी तो नव्या वसाहतीत गेला. दार अन् दार ठोठावलं. आत्या तिथं पोचलीच नव्हती. वस्तीच्या जागी आता टॉवर आहे, साहेब मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि तो हंडा चावीवाल्याच्या घरी तसाच आहे. त्यातलं पाणी काही त्याला ओतवलं नाही.

आत्या कोणत्या गाडीत बसली, हे आजवर कुणीही सांगितलेलं नाही.