खोकल्याचं औषध

तो पहिल्यांदा दुकानात आला तो औषध घ्यायला नव्हे, औषध देऊ नका म्हणून सांगायला. सोबत व्यसनमुक्ती गटाचे मास्तर होते, दारूपायी स्वतःची नोकरी घालवून मग सावरलेले. त्यांच्या गटाची रीतच तशी. माणूस सुटायला लागला की त्याला गल्लीतल्या दुकानादुकानांत नेऊन उभं करायचं आणि त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

"मी सुतार आहे," चार गिऱ्हाइकांदेखत तो म्हणाला. "खोकल्याच्या औषधाची नशा करायचो. मागितलं तर देऊ नका... पाया पडलो तरी."

काउंटरवर ती होती. दुकान तिच्या मामाचं. लाजायचं त्यानं, पण कानापर्यंत लाल झाली ती. आणि गंमत बघा, तिथेच तिला तो आवडून गेला. आता याला काय म्हणावं? कुणी धड नोकरीवाला आवडला असता तर आईचा जीव तरी भांड्यात पडला असता.

मग काय, त्याला रोज काही ना काही लागायला लागलं. कधी पट्टी, कधी मलम. बोटं इतकी कशी कापतात, तिनं विचारलंच एकदा.

"कामात लक्ष नसतं हल्ली."

"मग कुठे असतं?"

"असतं... इथेच, काउंटरच्या आसपास."

मामा चष्म्यावरून बघायचा आणि उगाच खाकरायचा. मास्तरांनी मात्र तिला बाजूला घेऊन बजावलं, पोरी, जीव लाव, पण त्यानं हात पसरला तर मला हाक मार. ती हो म्हणाली. ती सगळ्यांनाच हो म्हणायची. फोडलेलं पाकीट कुणी परत आणलं तरी हो. भीड भिकेची बहीण असते, असं मामा उठताबसता ऐकवायचा, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग त्याचा धाकटा भाऊ गेला. त्याच नशेनं. ती सवय भावाला लावली होती यानंच.

भावाला पोचवून तो सरळ दुकानात आला. भर दुपार, मामा जेवायला गेलेला. काउंटरवर डोकं ठेवून तो म्हणाला, "एकच बाटली दे. नाहीतर आज मी जगत नाही."

मास्तरांचा नंबर तिला पाठ होता. फोन हाताशी होता. पण तो रडत होता हो, आणि तिला ते बघवेना. तिनं बाटली दिली.

एकीवर कुठला थांबतोय. बाकीच्या त्यानं दुसरीकडून मिळवल्या. संध्याकाळी मास्तरांना तो त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यात भुशावर पडलेला सापडला, श्वास जेमतेम चालू असलेला. दवाखान्यात गटातली माणसं आळीपाळीनं त्याच्या उशाशी बसली. कुणी काही विचारलं नाही, पण तिला ते मनात ठेवता येईना. शेवटी तीच गटाच्या बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, पहिली बाटली मी दिली. दारूत नवरा गमावलेली एक बाई तिचा हात धरून म्हणाली, "आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी दिलीय गं. बस खाली."

तो वाचला. मास्तरांनी दुसऱ्या गावी त्याचं काम बघितलं, तिथेही असाच एक गट होता. निघायच्या सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन तो दुकानाशी आला. पायरी चढला नाही.

"तुझ्यावर राग नाही माझा. प्रेम आहे," तो म्हणाला. "पण तू समोर असलीस की मला माहीत असतं... मागितलं की मिळेल."

त्यानं पिशवी खाली ठेवली.

"तरी तू म्हणालीस तर राहतो मी. राहू?"

त्याचे डोळे त्या दुपारसारखेच होते. तिचा जीव तुटत होता. एक शब्द बोलायचा अवकाश, तो राहिला असता, आणि आज ना उद्या तिच्याच हातानं मेला असता.

"नको," ती म्हणाली. "जा तू. माझंही प्रेम आहे तुझ्यावर, म्हणून जा."

त्यानं पिशवी उचलली. वळणापर्यंत तो दिसत राहिला. गिऱ्हाइकं खोळंबली होती, मामानं त्यांना स्वतः औषधं दिली आणि तिला आतल्या खोलीत जाऊन रडू दिलं.