असोद्याच्या मळ्यातलं बिऱ्हाड

"थांबा वहिनी, दोर जड आहे. मी ओढतो."

द्वारका दचकली. इतक्या सकाळी विहिरीवर कुणी पुरुष येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिचा पदर खांद्यावर, केस अर्धे ओले... आणि समोर एक उंच, सावळा तरुण सायकल बाभळीला टेकवून उभा. त्याने तिच्या हातून दोर घेतला आणि चार हिसक्यांत घागर वर आणली.

"कुठल्या झोपडीत तुम्ही?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"घागर पोचवायला बरं, म्हणून विचारलं."

"माझी घागर मला उचलता येते."

"वहिनी रागीट दिसतात—"

"आणि मी तुमची वहिनी नाही!"

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली, आणि आपण परक्या पुरुषाची खळी बघतोय हे ध्यानात येऊन द्वारकेने घाईने मान खाली घातली. खाली त्याचे पाय होते. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, दुसरं बोट अंगठ्याहून लांब.

हे पाय ती ओळखत होती. चार महिने रोज दोन वेळा ती या पायांपुढे ताट ठेवत होती.

घागर तिथेच टाकून ती पळाली.

तिचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. भडगावहून जळगावला नांदायला ती आली सोळाव्या वर्षी, दसऱ्यानंतर. सासरी माणसंच बावीस. दिवसा सासू-सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, आणि दिवा मालवल्यावर कुजबुजायचं म्हटलं तरी फळीच्या पलीकडे तीन नणंदा निजलेल्या. नवऱ्याचं नाव भाईदास, तो कलेक्टर कचेरीत कारकून आहे, त्याला वांग्याची भाजी आवडते आणि तो थोडा खोकतो— एवढंच तिला माहीत होतं.

पौषात जळगावात प्लेगने डोकं वर काढलं. सासरे सगळ्यांना घेऊन भडगावलाच, आपल्या नातलगांकडे गेले. भाईदासची कचेरी सुटण्यासारखी नव्हती. त्याला भाकरी कोण घालणार म्हणून द्वारका मागे राहिली. भाईदास आणि त्याचे तीन मित्र, चौघेही नोकरदार. त्यांनी जळगावबाहेर, असोद्याच्या जीवराम पाटलांच्या मळ्यात चार झोपड्या भाड्याने घेतल्या. कपाशीच्या पऱ्हाट्यांचे कूड, वर गवताचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन. चौघांच्या बायका आदल्या दिवशी गाडीतून आल्या. भाईदास रात्री कचेरीचं काम उरकून त्या सकाळी सायकलवरून.

दुपारी तो जेवायला झोपडीत शिरला. चुलीपाशी तीच बसलेली पाहून दारातच थबकला.

"तुम्ही... म्हणजे, तू?"

"वाढू?" द्वारका म्हणाली. ओठ दाबून धरले, पण हसू आवरेना. "की आधी वहिनीची घागर आणताय?"

भाईदास कानापर्यंत लाल झाला. मग तोही इतका मोठ्याने हसला, की शेजारच्या झोपडीतून मित्राची, तोतारामची, बायको इंदिराबाई ओरडल्या, "काय झालं हो भाऊजी?"

मळ्याची मालकीण ताईबाई दूध घेऊन आली होती. तिला सगळं कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अवं माय! सोताचा नवरा वयखू नही आला तुले?"

"त्यांनाही कुठे ओळखू आली बायको?" द्वारका म्हणाली. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच एवढ्या मोकळ्या आवाजात बोलली होती.

मग दिवस कसे गेले ते दोघांनाही कळलं नाही. आंब्यांना मोहर आला होता. सकाळी भाईदास पाणी ओढायचा, ती भरायची. तो डावखुरा आहे हे तिला तिथे कळलं.

"मग घरी उजव्या हाताने का जेवता?"

"आबा रागावतात. लहानपणी हात बांधून ठेवायचे."

"इथे जेवा हव्या त्या हाताने. मी नाही सांगणार."

त्यालाही कळलं, की ही गिरणा नदीच्या पुरात पोहलेली आहे, हिला बोटं तोंडात घालून शीळ घालता येते, आणि हिला रुसवा फार वेळ टिकवता येत नाही. संध्याकाळी तो कचेरीतून यायचा तेव्हा ती बांधावर असायची. सायकल दिसली की उगीच गवत उपटत बसायची.

"माझी वाट बघत होतीस?"

"गवत काढत होते."

"बांधावरचं? रोज?"

"रोज वाढतं..."

महिना झाला. एका रविवारी चौघा मित्रांनी भरिताचा बेत केला. पुरुषांनी पऱ्हाट्या पेटवून हिरवी वांगी भाजली, बायका बडगीच्या लाकडी भांड्यात मुसळांनी ठेचायला बसल्या. धूर, लसणाचा वास, थट्टामस्करी. तेवढ्यात तोताराम म्हणाला, "खाऊन घे रे पोटभर, भाईदास. पुढच्या महिन्यात धुळ्याच्या खाणावळीत असं भरीत नाही मिळायचं."

द्वारकेच्या हातातलं मुसळ थांबलं.

"धुळ्याला?" तिने हळूच इंदिराबाईंना विचारलं.

"तुला ठाऊक नाही? बदली मागून घेतलीय त्यांनी. एकटेच जाणार आहेत, तू इथे सासरी... अगबाई, बोलले नाहीत का?"

द्वारका जेवली नाही. भाईदासने तिला विहिरीपाशी गाठलं. ती काठावर पाठमोरी बसली होती.

"अर्ज मी मार्गशीर्षात केला होता," तो म्हणाला. "इथे येण्याआधी."

"मला न विचारता."

"तू बोलायचीच नाहीस. मी खोलीत आलो की भिंतीकडे तोंड करायचीस. मला वाटलं, तुला मी नकोसा आहे... दूर गेलो तर तुझी तरी सुटका होईल."

ती वळली. डोळे भरलेले, आवाज मात्र ठाम. "फळीपलीकडे तुमच्या बहिणी खुसखुसायच्या! मी भिंतीकडे नाही तर कुठे बघू? आणि मला वाटायचं, मीच तुम्हाला आवडत नाही."

रहाटावर एक साळुंकी येऊन बसली, उडून गेली. 

"आता?" त्याने विचारलं.

"आता काय? मी येणार. बिऱ्हाड करायचं धुळ्याला. पण आबांना तुम्ही सांगायचं."

भाईदासचा चेहरा उतरला. घरात कोणत्याच मुलाने असं मागितलं नव्हतं. थोरला भाऊ सहा वर्षं भुसावळला एकटा राहिला होता. बायको सोबत हवी असं वडिलांसमोर म्हणायचं! त्यापेक्षा साहेबासमोर उभं राहणं सोपं.

"पत्र लिहू?"

"पत्राला ते नाही म्हणतील," द्वारका म्हणाली. "तुमच्या तोंडाला कदाचित म्हणणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी दोन दिवसांची रजा टाकून तो सायकलवर भडगावला निघाला. द्वारकेने दशम्या बांधून दिल्या. दिवसभर तिला सगळे आवाज सायकलचे वाटले. मंगळवारी दुपारपासून ती बांधावरच होती. इंदिराबाईंनी दोनदा हाक मारली, तरी हलली नाही.

उन्हं कलली तेव्हा तो आला. धुळीने माखलेला, पायडल मारायचंही त्राण नसलेला. सायकलच्या दांडीला काहीतरी गोल बांधलेलं होतं. जवळ आल्यावर तिने पाहिलं— पोळपाट. आणि फडक्यात गुंडाळलेलं लाटणं.

तिला पुढे काही विचारावं लागलं नाही. तरी तिने विचारलं.

"काय म्हणाले?"

"आबा म्हणाले, लाज नाही वाटत? मी म्हटलं, वाटते आबा... पण तिच्यावाचून नाही करमायचं मला." तो धापा टाकत होता. "आबा उठून गोठ्यात गेले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात आईने आतून हे आणून सायकलला बांधलं. म्हणाली, धुळ्याचे पोळपाट हलके असतात, हा सागवानी आहे. सुनेला म्हणावं, जपून वापर."

"आणि आबा?"

"गोठ्यातून आवाज आला, पोहोचल्यावर पत्र टाका. दोघांनी."

द्वारकेने पोळपाट सोडून घेतला, छातीशी धरला. झोपड्यांच्या दारांत इंदिराबाई, तोताराम, ताईबाई, सगळेच उभे राहून बघत होते. तिने पदर सावरला नाही.

"मघाशी काय म्हणालात? आबांना?"

"कधी?"

"ते... करमायचं..."

"ते त्यांना सांगितलं ना."

"मला कुठे सांगितलंत?"

भाईदासने सायकल बांधाला टेकवली. सगळ्यांच्या देखत, मोठ्याने, पहिल्यांदा तिचं नाव घेऊन त्याने तिला ते सांगितलं.